ॲनिमेशन आणि विज्ञानपट: पेल्यातलं पाणी कोण हलवतं?

करमळीकर

ॲनिमेशन म्हणजे पोराटोरांचं आणि विज्ञानपट म्हणजे नुसती ठोकाठोकी, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत भरतो, जगभरचे सिनेमे आपल्या दारात येतात. आमच्या कंपूतली माणसं एखाद्या इराणी सिनेमासाठी तासभर रांगेत उभी राहतात, पण वेळापत्रकात ॲनिमेशनपट दिसला की तेवढा वेळ मोकळा ठेवून जेवायला जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं असं आहे. नेहमीच्या सिनेमात कॅमेरा लावला की मागचं झाड आपोआप हलतं, रस्त्यावरून कुत्रं आडवं जातं, नटाच्या मानेवर घाम येतो. ॲनिमेशनमध्ये आपोआप काही येत नाही. वारा हवा असेल तर वारा काढावा लागतो. विज्ञानपटातही जे जग अस्तित्वातच नाही ते खिळ्यापासून उभं करावं लागतं. त्यामुळे पडद्यावर जे जे दिसतं, ते तिथे असावं असं कुणाला तरी मनापासून वाटलेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की सिनेमा पाहण्याची नजरच बदलते.

जपानी दिग्दर्शक मियाझाकीचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) घ्या. भट्टीखान्यात काजळीचे ते इवले गोळे चिहिरोला तिचे बूट आणून देतात. ती पाय घालते आणि बुटाचं टोक जमिनीवर टकटक आपटून पाय नीट बसवते. कथेला याची काडीची गरज नाही. नटीने केलं असतं तर आपण सवय म्हणून सोडून दिलं असतं. इथे कुणीतरी दहा वर्षांच्या मुलीला बूट घालताना नीट पाहिलंय, लक्षात ठेवलंय आणि मग बसून एकेक चित्र काढलंय. त्या क्षणापासून चिहिरो मला शेजारच्या घरातली मुलगी वाटायला लागते, आणि पुढे तिच्यावर जे काही येतं त्याची भीती मला वाटते.

त्याच सिनेमात पाण्यावरून जाणारी रेल्वे आहे. पावसाने सगळं बुडालंय, रूळ पाण्याखाली आहेत, डब्यात सावल्यांसारखी माणसं आहेत, ती एकेका थांब्यावर उतरून जातात. कुणी बोलत नाही. संगीतकार जो हिसाइशींचा पियानो तेवढा चालू असतो. एका फलाटावर एक लहान मुलगी उभी असते आणि गाडी पुढे निघून जाते. ती कोण, कुणाची वाट बघतेय, काही सांगत नाहीत. कृष्णधवल असो की रंगीत, एकटेपणावर यापेक्षा चांगलं दृश्य मी फार कमी सिनेमांत पाहिलंय. या सिनेमाला २००२ मध्ये बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल मिळालं आणि पुढच्या वर्षी ऑस्कर. हे फक्त ‘मुलांचं’ म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो.

आता विज्ञानपट. ‘जुरासिक पार्क’मधला (१९९३) सगळ्यात गाजलेला क्षण डायनोसॉर दिसण्याआधीचा आहे. गाडीत ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात वर्तुळं उठतात. पाण्यात अशी नेमकी गोल वर्तुळं काही केल्या येईनात, तेव्हा डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून बसवली आणि ती खालून छेडली. पडद्यावर एक पेला आहे आणि एक तार, बस्स. पाय मात्र आपले वर उचलले जातात.

कुब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त (१९६८, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आधीचं वर्ष) झोपलेल्या प्रवाशाच्या हातातून सुटलेलं पेन हवेत फिरत असतं. हवाईसुंदरी चिकटणाऱ्या चपला घालून सावकाश येते आणि ते पेन अलगद उचलून त्याच्या खिशात ठेवते. मोठ्या काचेला पेन दुतर्फी चिकटपट्टीने लावलं होतं आणि काच फिरवली होती. ती पेन ‘उचलते’ तेव्हा खरं तर काचेवरून सोडवत असते. हे कळल्यावर मजा जाईल असं वाटलं होतं, ती वाढली.

आणि ‘इंटरस्टेलर’ (२०१४). त्यातलं कृष्णविवर किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाच्या समीकरणांवरून तयार केलं. एकेका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने ते चित्र तयार करायला, शंभर तासांपर्यंत वेळ लागत होता. कृष्णविवराभोवतीची तेजस्वी चकती त्याच्या वरून आणि खालून वळलेली दिसते, कारण मागच्या बाजूचा प्रकाशही वाकून आपल्यापर्यंत पोहोचतो. इथवर सगळं शास्त्राप्रमाणे. पण शास्त्राप्रमाणे चकतीची आपल्याकडे येणारी बाजू उजळ आणि लांब जाणारी बाजू मंद दिसायला हवी. दिग्दर्शक नोलनने ते गाळलं, प्रेक्षक गोंधळतील म्हणून. १० एप्रिल २०१९ ला एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं खरं चित्र प्रसिद्ध झालं तेव्हा त्यातलं कडं एका बाजूला ठळक होतं. मला नोलनचा हा निर्णय पटत नाही. जिथे एवढं खरं दाखवलंत तिथे ती एक बाजू मंद दाखवली असती तर प्रेक्षकांनी ती पचवली असती. पण तिथेही कुणीतरी बसून ठरवलं, हे महत्त्वाचं. कृष्णविवराची उजळ बाजूसुद्धा आपसूक आली नाही.

तुम्हाला असे कुठले बारकावे दिसलेत? सिनेमा कुठलाही चालेल.

शाई आणि सेल

करमळीकर, अगदी मनातलं लिहिलंत. मी मूळची फोंड्याची, सध्या पुण्यात एका स्टुडिओत कंपोझिटिंग करते, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर एकत्र जोडते. ‘हल्ली सगळं संगणकच करतो ना’ हे वाक्य आम्हाला नातेवाइकांकडून आणि ग्राहकांकडूनही ऐकावं लागतं. पेन्सिलने चित्र आपोआप निघत नाही तसं संगणकानेही निघत नाही.

माझा आवडता बारकावा ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’मधला (२०१८). सेकंदाला २४ फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेमला नवी पोज दिली तर त्याला आम्ही ‘वन्सवर’ म्हणतो. एक पोज दोन फ्रेम धरून ठेवली, म्हणजे सेकंदाला १२ पोज, तर ते ‘टूजवर’. बर्फातल्या जंगलात पीटर आणि माइल्स जाळ्यावरून झोके घेत पळतात तो प्रसंग आठवा. पीटर मुरलेला आहे, तो वन्सवर आहे, म्हणून सुळसुळीत दिसतो. माइल्स नवखा, त्याला टूजवर ठेवलंय, म्हणून तो अडखळत, मागे पडत चाललेला वाटतो. एकाच फ्रेममध्ये दोघं आहेत! प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण हा पोरगा अजून तयार नाही हे अंगात उतरतं. पुढे तो सराईत होतो तेव्हा त्याची हालचालही गुळगुळीत होते. पात्राची वाढ संवादात न लिहिता फ्रेमच्या हिशेबात लिहिलेली आहे. असं काम आपल्या हातून एकदा तरी व्हावं असं वाटतं.

दुसरा ‘वॉल-ई’ (२००८). तिथे प्रकाश आणि लेन्सच्या सल्ल्यासाठी रॉजर डीकिन्स या छायाचित्रकाराला बोलावलं होतं. संगणकात फोकस कायम अचूक ठेवता येतो. त्यांनी मुद्दाम खऱ्या लेन्ससारखा उथळ ठेवला, कधी क्षणभर चुकूही दिला. पृथ्वीवरचा भाग त्यामुळे कुणीतरी तिथे जाऊन चित्रित करून आणल्यासारखा दिसतो.

दोनापावला

मला हा मुद्दा अर्धाच पटतो. सगळं ठरवून घातलेलं म्हणून थोर, असं म्हटलं तर तारकोव्हस्कीचं काय करायचं? ‘सोलारिस’मध्ये (१९७२) भविष्यातलं शहर म्हणून जे दिसतं ते त्या काळातल्या टोकियोचे उड्डाणपूल आणि बोगदे आहेत. काही बांधलं नाही. गाडी नुसती जात राहते, जात राहते, आणि हळूहळू ते शहर परकं वाटायला लागतं. गोदारने ‘आल्फाव्हिल’ (१९६५) त्या वेळच्या पॅरिसमध्येच चित्रित केला, एकही सेट न लावता.

आणि ‘ब्लेड रनर’ (१९८२). शेवटचं पावसातलं भाषण नट रुटगर हाउअरने आदल्या रात्री स्वतः कापून लहान केलं आणि त्यात स्वतःची ओळ घातली. पटकथेत ती नव्हती. आज लोकांना त्या सिनेमातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, तर तेच. म्हणजे उत्तम गोष्ट आराखड्याच्या बाहेरून आली. ॲनिमेशनमध्ये अशा बाहेरच्या वाऱ्याला जागाच नसते, ही मला त्याची मोठी मर्यादा वाटते. पाहून झाल्यावर मला पुष्कळदा गुदमरल्यासारखं होतं.

जाता जाता: ‘ब्लेड रनर’ घडतो नोव्हेंबर २०१९ मध्ये. नेमक्या त्याच महिन्यात इफ्फीचं पन्नासावं पर्व पणजीत चालू होतं. उडत्या गाड्या नव्हत्या, पण मोठ्या पडद्यासमोर अंधारात बसलेली माणसं होती. ओटोमोचा ‘अकिरा’ (१९८८) पण २०१९ मध्येच घडतो. भविष्य बरोबर सांगितलं की नाही यावरून विज्ञानपट जोखणाऱ्यांनी हे दोन्ही जरूर पाहावेत. तारखा टळून गेल्या, सिनेमे जराही शिळे झाले नाहीत.

करमळीकर

दोनापावला, मुद्दा वजनदार आहे. ‘सोलारिस’च्या सुरुवातीला ओढ्यात हलणारं शेवाळ आणि अंगणातल्या टेबलावर, कपात पडणारा पाऊस आहे, तो मलाही फार आवडतो. पण टोकियोचा तो रस्ता एवढा लांब का ठेवला? कुठलाही संकलक तो कापा म्हणाला असता. रस्ता बांधला नाही, पण तो किती वेळ बघायचा हे तारकोव्हस्कीने ठरवलं. माझ्या दृष्टीने तेही घडवणंच आहे.

हाउअरच्या बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तसा वारा ॲनिमेशनमध्ये शिरणं कठीणच.

आल्तिनोचा चित्रकार

शिरतो! मी कला महाविद्यालयात शिकतो आणि रात्री ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकतो, म्हणून ‘फ्लो’बद्दल (२०२४) लिहिल्याशिवाय राहवत नाही. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसचा सिनेमा. मांजर, कुत्रा, कॅपिबारा, लेमूर आणि एक मोठा पक्षी एका होडीत, सगळीकडे पूर, माणूस कुठेच नाही आणि अख्ख्या सिनेमात एक शब्द नाही. पूर्ण सिनेमा ब्लेंडरमध्ये केलाय. जे सॉफ्टवेअर माझ्या जुन्या लॅपटॉपवर फुकट चालतं त्यात! आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं.

दोनापावला काकांच्या मुद्द्याला उत्तर इथे आहे. झिल्बालोडिसने स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार आधी काढून ठेवलेली चित्रं, केलाच नाही. आधी ते जग उभं केलं, मग त्यात कॅमेरा घेऊन फिरत फिरत शॉट शोधले. म्हणून तो कॅमेरा मांजराच्या मागे धावतो, पुढे जातो, कधी मागे वळून बघतो, जणू त्यालाही पुढे काय होणार ते ठाऊक नाही. पाणी चढत जातं ते दृश्य पाहताना मी खुर्चीच्या कडेवर होतो. प्राण्यांचे आवाजही खऱ्या प्राण्यांचे. फक्त कॅपिबाराचा खरा आवाज फार बारीक निघाला, म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय.

आमच्या वर्गातल्या पुष्कळांना वाटतं की ॲनिमेशन करायचं तर मोठ्या शहरात, मोठ्या कंपनीत जायलाच हवं. ‘फ्लो’ पाहिल्यापासून मला तसं वाटत नाही. इथे बसून करता येईल.

म्हापशेकर

पोरा, जरूर कर. वेळ लागला तरी सोडू नकोस.

‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला तेव्हा आम्ही म्हापशाला थेटरात पाहिला. पावसात तो टी-रेक्स कुंपण तोडून बाहेर येतो, तेव्हा शेजारच्या माणसाने माझा दंड पकडला होता, ओळख ना पाळख. त्या पावसाची गंमत पुढे वाचली. स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी खराखुरा, पूर्ण आकाराचा, यंत्रावर हलणारा टी-रेक्स बनवला होता. त्याची फोमची कातडी पाणी शोषून घ्यायची, वजन वाढायचं आणि तो जागच्या जागी थरथरायला लागायचा. मग माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या रात्री मान फिरवणारे, हात हलवणारे नरकासुर करणाऱ्या पोरांना हे दुःख बरोबर कळेल. ऑक्टोबरातली एक सर आली की कागद ओला आणि मोटर बंद. त्या पोरांकडे जे कसब आहे ते वर्षातून एका रात्रीपुरतं राहतं, याची मला हळहळ वाटते. त्यांना कुणीतरी कॅमेरा द्यायला हवा.

आणि हे सगळं बाहेरून आलेलं आहे असं समजू नका. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी एक छोटी फिल्म केली होती. वाटाण्याच्या रोपाची वाढ, एकेक फ्रेम घेऊन. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्यापेटीतल्या काड्या सरकवायच्या, फ्रेम घ्यायची, परत सरकवायच्या. आपल्या सिनेमाच्या जन्मातच ॲनिमेशन आहे. मराठीत विज्ञानकथा पण थोडीथोडकी नाही: जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे. एवढं साहित्य हाताशी असून मराठीत जीव ओतून केलेला विज्ञानपट विरळाच, हे मला टोचतं. पैशाचं कारण सांगतात. गिटारच्या तारेला किती पैसे लागतात?

शाई आणि सेल

काका, फाळक्यांचं नाव काढलंत, बरं वाटलं. त्याच्या जोडीला ॲनिमेशनकार राम मोहनही हवेत. जपानी युगो साको आणि राम मोहन यांनी मिळून केलेला ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ आमच्या पिढीने टीव्हीवर पाहिला. जानेवारी २०२५ मध्ये तो थिएटरात परत आला तेव्हा मी मुद्दाम मोठ्या पडद्यावर पाहिला. लहानपणी फक्त युद्ध बघायचे. आता पार्श्वभूमीची रंगवलेली जंगलं, झाडांच्या खोडांवरचं ऊन बघत बसले. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोज’ (२०१९) पण पाहा सगळ्यांनी. फ्रेमन् फ्रेम रंगवलेली आहे, आणि तो मोठ्यांसाठीच आहे.

सत्तरीची टीचर

सगळ्यांचं वाचलं. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या मुलांनी इंग्रजी सबटायटल वाचण्याचा प्रश्नच नाही आणि या सिनेमांचं मराठी डबिंग मिळत नाही. ते मिळायला हवं, यावर कुणी तरी जोर लावायला हवा. तोवर मी शब्द कमी असलेले सिनेमे शोधते.

‘वॉल-ई’चा पहिला भाग दाखवला. त्यात बोलणं जवळजवळ नाहीच. कचऱ्याचे चौकोनी ठोकळे एकावर एक रचलेले दिसले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘टीचर, सोनसोडो!’ मडगावचा तो कचऱ्याचा डोंगर त्यांनी बातम्यांत पाहिलाय. मग सगळा वर्ग एकदम गप्प झाला. पुढे तो रोबो गोळा केलेल्या वस्तू घरी नीट लावतो. एका पेटीत चमचे, एकात काटे. हातात येतो तो चमचाही आहे आणि काटाही. तो इकडे बघतो, तिकडे बघतो आणि शेवटी दोन्हींच्या मधे ठेवतो. मुलं खदाखदा हसली. मी थांबवून विचारलं, ‘तुम्ही कुठे ठेवला असता?’ त्यावर जी चर्चा झाली, तशी मी धडा शिकवताना एकदाही झाली नव्हती. एक मुलगी म्हणाली, ‘त्याला तिसरी पेटी करायला पाहिजे, अजून तसे सापडतील.’

करमळीकर, तुम्ही म्हणता ते ‘कुणीतरी ठरवून घातलंय’ मुलांना सांगावं लागत नाही. त्यांना ते दिसतंच.

आता पुढे काय दाखवू? ‘फ्लो’ नक्की. आणि जपानी सिनेमांपैकी? कुणी तरी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ सुचवलाय.

करमळीकर

टीचर, ‘फायरफ्लाइज’ प्राथमिकच्या मुलांना कृपा करून दाखवू नका. ताकाहाताचा तो सिनेमा असामान्य आहे, युद्धाच्या उपासमारीत सापडलेले भाऊबहीण आणि गोळ्यांचा तो पत्र्याचा डबा मला आजही डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. पण तो मोठ्यांनी, तयारीने पाहायचा आहे. जपानमध्ये १६ एप्रिल १९८८ ला तो आणि मियाझाकीचा ‘माय नेबर टोटोरो’ एकाच तिकिटात जोडीने लागले होते. त्या प्रेक्षकांचं काय झालं असेल, कल्पना करवत नाही. तुम्ही फक्त ‘टोटोरो’ घ्या. संवाद आहेत, पण सोपे आहेत, तुम्ही शेजारी उभ्या राहून मराठीत सांगत गेलात तरी चालेल. बसथांब्यावरच्या प्रसंगात मात्र काही बोलू नका. टोटोरोच्या हातातल्या छत्रीवर टपोरे थेंब पडतात आणि त्याला तो आवाज आवडतो, एवढंच आहे त्यात. सत्तरीतल्या मुलांना पाऊस समजावून सांगायला नको.

दोनापावला

आणि थोड्या मोठ्या वर्गाला ‘द आयर्न जायंट’ (१९९९). ब्रॅड बर्डचा. प्रदर्शित झाला तेव्हा चालला नाही, पण आपण कोण व्हायचं हे आपल्याच हातात असतं ही गोष्ट मुलांना इतकी सरळ सांगणारा सिनेमा मला दुसरा माहीत नाही. ॲनिमेशनबद्दल माझी तक्रार आहे, तरी या सिनेमाशी माझं भांडण नाही.

आल्तिनोचा चित्रकार

टीचर, तुमच्याकडे प्रोजेक्टर आहे का? नसेल तर माझ्या मित्राकडे आहे, आम्ही दोघं घेऊन येऊ. स्पीकर पण आणतो, ‘फ्लो’ला आवाज नीट हवाच. सिनेमा झाल्यावर मुलांना फाळक्यांसारखी आगकाड्यांची फिल्म करून दाखवावी असं डोक्यात आहे. मोबाईल, तिपाई आणि काड्यापेटी एवढंच लागतं. काड्यांचा गूल आधी काढून ठेवू.

सत्तरीची टीचर

देव बरें करूं! प्रोजेक्टर नाही, भिंत पांढरी आहे. शनिवारी शाळा लवकर सुटते, त्यानंतर या. वीज जाते अधूनमधून, त्यामुळे लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणा. जेवण आमच्याकडे.